बडोद्याच्या धड्यातले १९१७ साल

वडोदऱ्यातील आमच्या मराठी शाळेच्या संस्थेने इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून शहराशी संबंधित व्यक्तींची एक चरित्र-पुस्तिका तयार करून ती वरच्या वर्गांना सक्तीने शिकवायचे ठरवले, तेव्हा इतिहासाची शिक्षिका म्हणून नावे निवडण्याच्या समितीत मीही होते. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या नावावर चर्चा करावीच लागली नाही. महाराणी चिमणाबाई, कलाभवनाचे त्रिभुवनदास गज्जर, उस्ताद फैयाज खाँ ही नावेही लवकर ठरली.

खरा वाद झाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धड्यावर. मूळ मसुद्यात, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, एवढेच होते. शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना; पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना तिथून निघायला लावले आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले, हा भाग मी त्यात जोडला होता.

समितीतील एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणाले, "बाई, हे वाचून मुलांना वाटेल की महाराज कमी पडले. आणि वर्गात एखादा पारशी मुलगा असला तर त्याने काय करायचे?"

दुसरी शंका रास्त होती. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणीत त्या दिवशी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्यानेही आसरा न दिल्याचे सांगितले आहे. तेही धड्यात आले, तर दोष एकाच समाजावर जात नाही, असे मी सुचवले आणि ते लगेच मान्य झाले. पहिल्या शंकेपाशी मात्र मी अडून बसले. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलांना शाळेत धाडायला आईबापांना भाग पाडणारा कायदा या राज्यात होता, पण त्याच राज्याच्या राजधानीत, राज्याच्याच खर्चाने शिकून आलेल्या अधिकाऱ्याला कोणी खोली देत नव्हते, आणि सरकारी बंगल्यासाठी त्यांनी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला होता. "सर, महाराज इथे कमी पडले असतील, तर तेही मुलांना कळू द्या. त्याने त्यांचा शिक्षणाचा कायदा लहान होत नाही," असे मी म्हणाले.

सर बराच वेळ मसुदा चाळत राहिले. अखेर त्यांनी दोन्ही चरित्रे वेगळी न ठेवता आठवीसाठी एकच सलग धडा करावा, असे सुचवले, आणि ही सूचना माझ्या मूळ मांडणीपेक्षा निश्चितच चांगली होती. धड्याखालच्या प्रश्नांत, संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा असूनही बाबासाहेबांना घर का मिळाले नाही, हा प्रश्न घातला आहे. त्याचे तयार उत्तर शिक्षकांच्या टिपणात द्यायचे नाही, असेही त्याच बैठकीत ठरले.