ओमाची फाईल, नोंद नववी: काका नव्हे, मामा

मंडळी, मागच्या नोंदीत मी एका काकापाशी अडकले होते. ओमाचं, म्हणजे माझ्या जर्मन आजेसासूबाईंचं अमेरिकेचं तिकीट 'अंकल'नं पाठवलं, एवढं सासरी सगळ्यांना पाठ. मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं, 'काकानं तिकीट पाठवलं', आणि चार महिने अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तिच्या माहेरच्या आडनावाची माणसं धुंडाळत बसले. दफनभूमीच्या याद्या झाल्या, जुन्या शहर-डिरेक्टऱ्या झाल्या. काका काही सापडेना.

सापडणार कसा? तो मामा होता.

आपल्याला तर ही चूक अजिबात शोभत नाही. काका, मामा, मावसोबा, आतोबा असे सगळ्यांचे वेगळे खण असलेल्या भाषेत वाढले, आणि इंग्रजीतल्या एका ढोबळ शब्दाचा बिनदिक्कत काका करून मोकळी झाले.

उलगडा झाला तो जहाजाच्या यादीत. ओमा ब्रेमेनच्या ब्रेमरहाफेन बंदरातून निघाली, आणि ब्रेमेनच्या प्रवासी याद्यांची कथा तुम्हाला ठाऊक आहेच: जागा नाही म्हणून जुन्या याद्या तिथल्या कचेरीनंच नष्ट केल्या, उरल्यासुरल्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धात गेल्या. हॅम्बुर्गहून निघालेल्यांचं नशीब चांगलं, त्यांच्या १८५० ते १९३४ च्या याद्या शाबूत आहेत. त्यामुळे मी न्यूयॉर्कला उतरलेल्यांची यादी धरली. १९३० च्या जनगणनेत येण्याचं साल १९२५ दिलंय, घरची मंडळी १९२४ म्हणतात, प्रत्यक्षात ती आली १९२६ मध्ये, नॉर्डडॉइचर लॉइड या जर्मन कंपनीच्या 'कोलंबस' जहाजानं, तिसऱ्या वर्गानं. हे पान मला दिवाळीतच मिळालं होतं. नाव, वय २१, काम मोलकरीण, शेवटचं गाव. पान मिटलं आणि पुढे गेले.

नवीन लोकांनो, इथे लक्ष द्या. त्या काळच्या यादीत एका प्रवाशाची ओळ दोन पानांवर पसरलेली असते, डावं आणि उजवं. स्कॅनमध्ये ती दोन वेगळी चित्रं असतात आणि शोधात फक्त डावं पान वर येतं. उजवं पान मी परवा उघडलं. तिकिटाचे पैसे कोणी भरले: अंकल. कोणाकडे चालली: त्याचं नाव, मिलवॉकीचा पत्ता. आडनाव भलतंच. जवळ २५ डॉलर. बहुपत्नीत्व मानता का, नाही. अराजकवादी आहात का, नाही. उंची पाच फूट दोन इंच, केस तपकिरी, डोळे करडे. मी तिला पाहिलं तेव्हा ती ९६ वर्षांची होती आणि पाच फुटांच्याही खाली आली होती. (लिहिताना 'त्या' न म्हणता 'ती' म्हणतेय, कारण ओमाला अहोजाहो केलेलं तिला चालत नसे.)

पुढचं सोपं होतं. ओमा नैर्ऋत्य जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गची, रॉयटलिंगेनजवळच्या एका खेड्यातली. तिथल्या चर्चमध्ये १८०८ पासून कुटुंब-नोंदवह्या आहेत, एका कुटुंबाला एक पान. आपल्या नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांसारखंच, फक्त इथे बायकांचं माहेरचं नावही असतं. आपल्या कुलवृत्तांतात कित्येकदा लग्न झालेली मुलगी बापाच्या पानावरून सासरी जाते ती कायमची. जर्मन कागदांत 'गेबोरेने' म्हणून माहेर तिच्या मागे चालत राहतं. त्या धाग्यानं ओमाच्या आईचं माहेर मिळालं, त्या पानावर आईचा धाकटा भाऊ, आणि त्याच्या नावापुढे 'नाख अमेरिका', अमेरिकेला, १९०३.

आता चुटपुट लावणारी गोष्ट. २००१ मध्ये माझा लग्नाचा अल्बम बघताना मला बोहल्याकडे नेणारा माणूस कोण, असं ओमानं विचारलं होतं. मी म्हटलं, मामा. जर्मनमध्ये मामा म्हणजे आई, त्यामुळे ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आईचा भाऊ, असं समजावल्यावर म्हणाली, "मलाही असाच एक होता." मी तिला आणखी श्पेत्सले (तिकडच्या अंड्याच्या शेवया) वाढले. वहीत एक अक्षर लिहिलं नाही. २००६ साली, १०१ व्या वर्षी ती गेली.

जहाजाच्या त्याच यादीत दुसरं घबाड. ओमाच्या नावावर बारीक अक्षरात एक आकडा आणि तारीख आहे, ऑक्टोबर १९४१. ही नंतरची नोंद: नागरिकत्वाचा अर्ज आला की कारकून मूळ यादीत आगमनाची खातरजमा करायचा आणि तिथेच आकडा टाकायचा. पण घरी सांगतात, ओपा, म्हणजे तिचे यजमान, नागरिक होते, लग्न झालं आणि ती आपोआप नागरिक झाली. तसा कायदा होता खरा, पण तो १९२२ च्या सप्टेंबरात बदलला आणि यांचं लग्न १९२८ चं. १९४० च्या जनगणनेत ती 'नागरिक' आहे. मात्र गोलातली फुली, म्हणजे माहिती देणाऱ्याची खूण, ओपांच्या नावापुढे आहे. बिचाऱ्यांना खरंच तसं वाटत असणार. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात चौदा वर्षांवरच्या सगळ्या परकीयांची बोटांच्या ठशांसह नोंदणी झाली. तेव्हा ते कळलं असावं, आणि मग अर्ज.

अर्ज मंजूर व्हायच्या आत डिसेंबर उजाडला आणि अमेरिका-जर्मनी युद्ध जुंपलं. जर्मन नागरिक म्हणून ओमा 'शत्रुदेशीय' ठरली असणार. अशांना शॉर्टवेव्हचे रेडिओ आणि कॅमेरे जमा करावे लागत. सासरे सांगतात की ते लहान असताना घरचा रेडिओ 'दुरुस्तीला' गेला आणि बरेच दिवस आलाच नाही. या दुरुस्तीचा मला आता दाट संशय आहे. नोंदणीचा फॉर्म आणि नागरिकत्वाची फाईल, दोन्ही मागवलीत.

तोवर कुरेंट, म्हणजे जुनं जर्मन हस्ताक्षर, वाचणाऱ्यांसाठी काम. ही लिपी मोडीचीच मावसबहीण. आजोबांच्या सातारच्या कागदांनी मला जेवढं रडवलं तेवढंच ही रडवते, 'ई' आणि 'एन' तर जुळे भाऊ. मामाच्या 'नाख अमेरिका'च्या आधी एक शब्द आहे. मला तो 'हाइमलिख' वाटतो, म्हणजे गुपचूप. एकोणीस वर्षांचा पोरगा, लष्कराची भरती तोंडावर, जमतंय. नवरा म्हणतो 'हाइनरिख', साधं मधलं नाव. 'एल'चा उंच दांडा दिसला असता तर भांडणच मिटलं असतं, पण नेमका तिथे शाईचा डाग आहे. चित्र मोठं करून जोडलंय. बघा बरं.