बंद असलेले चार फोन

आजी चुलीपुढं बसली होती. कानाला धरलेला पदर रक्तानं कडक झाला होता. कानातली फुलं ओढून नेली होती. नवऱ्याचं प्रेत नुकतंच शवविच्छेदनासाठी गेलं होतं. ४ नोव्हेंबर २०१६ची सकाळ, भाऊबीज होऊन तीन दिवस झालेले. मी तेव्हा स्थानिक गुन्हे शाखेत सहायक पोलीस निरीक्षक होतो. बालाघाटाच्या कुशीतलं हे गाव कोणतं ते सांगत नाही, आणि पुढं येणाऱ्या माणसांच्या काही खुणाही मुद्दाम पुसल्या आहेत. का, ते कळेलच.

"काय काय गेलं, आजी?"

"बोरमाळ. फुलं. आन् सोयाबीनचे एक लाख चाळीस हजार. समद्या हजाराच्या नोटा. लक्ष्मीपूजनाला पुजल्या व्हत्या, वरच्या नोटेला कुंकवाचं बोट हाय."

मी लिहून घेतलं. कुंकवाच्या बोटाला तेव्हा काही महत्त्व दिलं नाही. माझं लक्ष दाराकडं होतं. दार मोडलेलं नव्हतं. फटीतून विळा घालून आतली कडी अलगद उचलली होती. शेतवस्तीवरच्या त्या घराची कडी तशी उचलता येते हे घरच्यांना ठाऊक होतं, आणि फार तर कामाला येणाऱ्यांना. चौघं होते, तोंडं बांधलेली. म्हाताऱ्यानं एकाचा हात धरला आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या डोक्यात बसला. खून आणि जबरी चोरीचा गुन्हा, ३०२ आणि ३९४ खाली, दाखल झाला.

दुपारच्या आत माझा एक जुना बातमीदार भेटला. त्याच्या बातमीवर आम्ही पूर्वी दोनदा चोरीच्या मोटारसायकली धरल्या होत्या, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. तो म्हणाला, "साहेब, गायरानातल्या पारध्यांच्या पालावरची चार पोरं काल रात्री जाग्यावर नव्हती."

चार हा आकडा जुळला. वरून विचारणा झाली, "रेकॉर्डवरचे आहेत का?" एकावर चोरीचा जुना गुन्हा होता. त्यात तो निर्दोष सुटला होता, पण ते त्या दिवशी कुणी मोजलं नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण गुन्हा घडला की पहिली गाडी अजूनही पालाकडंच वळते. आमचीही वळली. चौघांना आणलं. त्यातल्या एकाला माझ्यासमोर मारलं गेलं आणि मी ते थांबवलं नाही. हे मी आज प्रथमच लिहितो आहे.

तो पोरगा एकच सांगत होता, "बहिणीला बाळंतपणाला घेऊन गेलो व्हतो." संध्याकाळी मी स्वतः बत्तीस किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो. रजिस्टरमध्ये नोंद होती: रात्री ११.३५, सोबत भाऊ. पहाटे दोनला मुलगी झाली होती. सिस्टरना चौघंही आठवत होते, कारण रात्रभर ते व्हरांड्यात बसून होते आणि एक जण सारखा चहा आणायला खाली जात होता. परत येऊन मी चौघांना सोडलं. ज्याला मारलं होतं त्याच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

बातमी तशी खोटी नव्हती. पोरं खरंच पालावर नव्हती. ती का नव्हती, हे बातमीदारानं विचारलं नव्हतं, किंवा त्याला विचारायचं नव्हतं. नंतर तलाठ्याकडं गेलो तेव्हा कळलं की बातमीदाराच्या चुलतभावानं गायरानातली पारध्यांची वहिवाट उठवण्यासाठी अर्ज केला होता. त्या दिवसापासून माझ्या वहीत मी दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहू लागलो: माणूस आजवर किती खरा निघाला, आणि ही बातमी किती ताडून पाहिली. त्याखाली तिसरी ओळ असते, यातून त्याला काय मिळणार?

पुढचे चार दिवस कोरडे गेले. परिसरातल्या तीन टॉवरचा डंप मागवला. त्या वेळात तिथून बोललेले, मेसेज आलेले हजारो नंबर. दोन अंमलदार डोळे लाल होईपर्यंत चाळत होते. वस्तीकडं कामावर येऊन गेलेल्यांची यादी केली, पण आजी कुणावर बोट ठेवायला तयार नव्हती. "माझ्या हातची भाकर खाल्ली त्यांनी," एवढंच म्हणायची.

८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता शाखेतल्या टीव्हीवर पंतप्रधानांचं भाषण लागलं. मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद. सगळे आपापल्या घरी फोन लावू लागले. मला मात्र आजी आठवली. सगळ्या हजाराच्या नोटा. ज्याच्याकडं त्या आहेत त्याला आता त्या कुठं ना कुठं तरी बाहेर काढाव्याच लागणार होत्या.

मी माझ्या सगळ्या माणसांना निरोप धाडला. दिवाळीनंतर कुंकू लागलेली नोट दर दुसऱ्या घरात सापडते, तेव्हा नुसत्या कुंकवावर जाऊ नका असं बजावलं. काय शोधायचं तेही सांगितलं: हजाराच्या नोटांपायी कोण कुणाशी भांडतंय, कोण कुणाला शिव्या देतंय ते ऐका. आठवडाभर बँकांसमोरच्या रांगांतल्या गप्पा गोळा होत राहिल्या. त्यातली बहुतेक निरुपयोगी होती.

मग एका बाईचा निरोप आला. ती कोण, काय करते, हे मी तेव्हाही कुठं लिहिलं नाही आणि आजही लिहिणार नाही. तिच्या कामामुळे तिचा घराघरांत वावर होता एवढंच सांगतो. आम्ही भर बाजारात भेटलो, ती भाजी निवडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "अमक्या मुकादमाची बायको लई तळतळती. एकानं उचल माघारी दिली, समदी हजारात, आन् दोन दिसांत नोटा बंद. आता म्हणती, मेल्यानं मुद्दाम गळ्यात घातल्या."

मी जागीच थबकलो. आमच्या भागात उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी मुकादमानं आगाऊ दिलेले पैसे, रोख परत देणं ही गोष्टच घडत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्याला जायचं आणि फेडत बसायचं. पुष्कळांची गेल्या हंगामाचीच फिटलेली नसते. टोळ्या निघायच्या तोंडावर, ६ नोव्हेंबरला, एक माणूस तीस हजार रोख आणून देतो आणि म्हणतो यंदा फडात येत नाही. नोटाबंदीच्या दोन दिवस आधी, म्हणजे नोटा खपवण्यासाठीही नव्हे.

थेट त्या मुकादमाकडं गेलो असतो तर बातमी कुणाच्या तोंडून आली हे गावानं तासाभरात ओळखलं असतं. म्हणून आम्ही आधी त्या पट्ट्यातल्या अकरा मुकादमांकडं गेलो. नोटाबंदीमुळं उचलीचे हिशेब बघतोय, असं सांगून सगळ्यांच्या वह्या पाहिल्या. हा बारावा. त्याच्या वहीत तारीख, नाव, रक्कम सगळं होतं. नोटाही ट्रंकेत पडून होत्या, रांगेत उभं राहायला त्याला अजून सवड झाली नव्हती. पंचांसमक्ष तीस नोटा क्रमांकासह मोजल्या. वरून सातव्या नोटेवर कुंकवाचं बोट होतं.

उचल परत देणाऱ्याचं नाव आजीच्या सोयाबीन काढणाऱ्यांच्या यादीत होतं.

एसपी साहेबांच्या मंजुरीनं त्याचे कॉल रेकॉर्ड मागवले. आम्ही डंपमध्ये त्याला का शोधू शकलो नाही ते आता दिसलं. ३ तारखेच्या रात्री नऊपासून त्याच्या फोनवर काहीच नव्हतं. पहाटे ४.१२ ला मिस्ड कॉलचे पाच मेसेज एकदम येऊन पडले होते, कारण फोन तेव्हा चालू झाला. बायको रात्रभर फोन लावत होती. एकाचा फोन बंद असणं म्हणजे काहीच नाही, बॅटरी उतरते, लाईट नसते. पण त्या संध्याकाळी तो ज्या तिघांशी पुन्हापुन्हा बोलला होता त्यांचेही फोन नऊच्या सुमारास गप्प झाले होते आणि चारनंतर जागे झाले होते. त्यानंतर आठवडाभर चौघांत एकही फोन नव्हता. चार दिवस आम्ही दिसणाऱ्या नंबरांत माणूस शोधत होतो.

चौघांना एकाच पहाटे ताब्यात घेतलं. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. चालतो तो आरोपीनं स्वतः काढून दिलेला मुद्देमाल. एकानं निवेदन पंचनाम्यात सांगितलं आणि कडब्याच्या गंजीतून फडक्यात बांधलेली बोरमाळ काढून दिली.

ओळख परेड तहसीलदारांसमोर झाली. सारख्या दिसणाऱ्या सहा बोरमाळा टेबलावर मांडल्या होत्या. आजीनं त्या पाहिल्याच नाहीत. एकेक हातात घेऊन जपमाळेसारखे मणी बोटांतून सरकवत गेली. चौथ्या माळेवर बोट थांबलं. "ही. ह्यो मणी चेपलेला हाय. थोरला रांगत व्हता तवा चावला व्हता." लाखेवरचा सोन्याचा पत्रा, त्यात बाळाच्या दाताएवढा खळगा. तहसीलदारांनी चष्मा वर करून तो पाहिला.

खटला उभा राहिला तेव्हा मोबाईल कंपन्यांच्या नोडल अधिकाऱ्यांनी दिलेलं, रेकॉर्ड अस्सल असल्याचं ६५ ब चं प्रमाणपत्र एकेका रेकॉर्डला जोडलेलं होतं, कारण त्याशिवाय ते कागद पुरावा ठरत नाहीत. चौघांनाही शिक्षा झाली. माझ्या उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी शेवटी विचारलं, "त्या मुकादमाकडे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून गेलात?" तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १२५ नुसार गुन्ह्याची बातमी कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नव्हती. त्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. मी नकार दिला, न्यायाधीशांनी तो मान्य केला. ती बाई आजही त्याच गावांतून निर्धास्त हिंडते.

तोच प्रश्न मला त्याआधी एकदा विचारला गेला होता. डिसेंबर २०१६ मध्ये, आरोपपत्राची तयारी चालू असताना, मी गणवेश न घालता त्या पालावर गेलो होतो. ज्या पोराला मारलं होतं त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. त्याचा बाप झोळीतल्या महिन्याच्या नातीला झोका देत बसला होता. त्यानं मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, आणि मग विचारलं,

"साहेब, आमचं नाव कुणी सांगितलं व्हतं?"

मला नाव ठाऊक होतं. गायरान ठाऊक होतं, अर्ज ठाऊक होता. तो माणूस त्यांच्या पालापासून हाकेच्या अंतरावर राहत होता.

"ते सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि झोळीला पुन्हा झोका दिला.