अँटेनी दीर्घिकांतल्या तारकागुच्छांचं वय काढताना

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी अँटेनी दीर्घिकांची जोडी घेतली: एनजीसी ४०३८ आणि ४०३९. हस्त नक्षत्राजवळ, सुमारे ७ कोटी प्रकाशवर्षांवर त्या एकमेकींत मिसळत आहेत. तिथे जन्मलेले तारकागुच्छ हबल अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांत शोधायचे आणि त्यांचं वय काढायचं, एवढं काम. प्रतिमा हबलच्या संग्रहातून कुणालाही मोफत उतरवता येतात.

आधी प्रश्न गुच्छ ओळखण्याचा. इतक्या दुरून हबलच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे साधारण १७ प्रकाशवर्षं. अख्खा गुच्छ जेमतेम एक-दोन पिक्सेलांत मावतो. मग ठिपका गुच्छाचा की एकट्या ताऱ्याचा? १ आणि ३ पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळांतला प्रकाश मोजून फरक काढला, की कळतं. गुच्छाचा प्रकाश किंचित जास्त पसरतो.

खरा कस लागला तो रंगांपाशी. तरुण गुच्छ निळा, वय वाढेल तसा तांबूस, हे पुस्तकात वाचलेलं. पण जिथे दोन्ही दीर्घिका एकमेकींवर आल्या आहेत, त्या पट्ट्यात धूळ इतकी, की नुकता जन्मलेला गुच्छही लालच दिसतो. तिथला एक ठिपका मी पुन्हा पुन्हा मोजला. बी (निळा), व्ही (हिरवट-पिवळा) आणि आय (अवरक्ताजवळचा) फिल्टरांवरून काहीच ठरेना: म्हातारा की धुळीआडचा? एच-अल्फाची, म्हणजे तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश टिपणारी प्रतिमा उघडली, तर त्याच्याभोवती चमकत्या हायड्रोजनचं वलय! वायू असा उजळायला प्रचंड, अल्पायुषी तारे लागतात. म्हणजे वय १ कोटी वर्षांच्या आतलं. यू (अतिनील) फिल्टरचं मोजमाप जोडल्यावर धुळीचा परिणाम आणि वयाचा परिणाम वेगळे काढता आले. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो अजून विसरलेले नाही.

हा पट्टा इतका सुपीक का, तेही उलगडलं. टकरीत तारे ताऱ्यांवर आदळत नाहीत, मधली अंतरंच अफाट असतात. आदळतात ते वायूचे ढग. दाब वाढतो, ढग आकसतात आणि लाखो तारे एकदम जन्मतात. २०११ साली चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या प्रतिमेत नेमका इथलाच थंड वायू दिसतो.

माझ्या तक्त्यात तरुण गुच्छ भरपूर, जुने थोडे. निम्मं कारण सोपं: जुने फिकट होतात, नजरेतून सुटतात. शिवाय बरेचसे गुच्छ वायू उडून गेल्यावर विखुरतात. हबलच्या प्रतिमांवर काम करणाऱ्यांचा अंदाज, दहातला एखादाच १ कोटी वर्षांपलीकडे टिकतो.

कुणाला हे करून पाहायचं असेल, तर यू आणि एच-अल्फा दोन्ही प्रतिमा आधीच उतरवून घ्या. त्यांच्याशिवाय धुळीच्या पट्ट्याला हात लावू नका.