घोंगडीची कसर आणि ताईचा डीप फ्रीजर

दिवाळीच्या साफसफाईत दिवाणातली घोंगडी बाहेर काढली, उलगडली, तर बायको पलीकडून म्हणाली, अरे मला तू दिसतोयस यातून. चार भोकं. एक तर चांगलं पाच रुपयाच्या नाण्याएवढं. कसर लागली होती, म्हणजे लोकर खाणारी कीड. आणि घड्यांमध्ये रव्यासारखी बारीक काळी चुरी, ती मी आधी माती समजलो, नंतर कळलं की ती अळीची विष्ठा, लोकरीचा जो रंग तोच तिचा.

आजोबांची घोंगडी. माण तालुक्यातल्या एका सणगराकडून विणून घेतलेली, दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, कसलाही रंग न दिलेली, चिंचोक्याच्या खळीचा कडकपणा अजून थोडा शिल्लक. घरात ती कुणी पांघरत नाही कारण टोचते, पण टाकायचं नावही कुणी काढत नाही.

शेजारच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, जपण्यात कसर राहिली म्हणायची. दर वेळी भेटले की हेच.

तर पहिल्यांदा हे सांगतो, खातो तो उडणारा पतंग नाही. त्या छोट्या सोनेरी पतंगाला खाताच येत नाही, तो फक्त अंडी घालतो, एक मादी साधारण चाळीस-पन्नास, आणि उकाड्यात आठवडाभरात अळ्या बाहेर. लोकर, केस, पिसं, रेशीम हे सगळं या अळ्यांचं जेवण. ट्यूबलाइटभोवती जे फिरतात ते वेगळे, कसरीच्या पतंगाला अंधार लागतो. मी दोन दिवस रॅकेट घेऊन ट्यूबखाली उभा होतो ते फुकट गेलं. आणि भिंतीवर काकडीच्या बीसारखी चपटी राखाडी पिशवी सरकताना दिसते ना, ती त्याच खानदानातली, आत अळी असते. आमच्याकडे त्या कित्येक वर्षं होत्या, आम्ही केरसुणीने झटकून टाकायचो आणि विसरायचो.

पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन केला, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे आपलं. तो म्हणाला झुरळ, मुंगी, वाळवी, ढेकूण. कसर? ती पुस्तकांना लागते सर. तरी आला, कपाटाच्या बिजागरींना झुरळाचं जेल लावलं, सही घेतली, गेला. ड्रायक्लीनरने घोंगडी हातातसुद्धा घेतली नाही. म्हणे मशीनमध्ये लोकर सुटेल आणि बाकीच्यांच्या सुटांना चिकटेल. एरवी ड्रायक्लीनने अंडी-अळ्या सगळं मरतं, त्यामुळे शाल, कोट, ब्लेझर असेल तर सरळ तिकडे द्या, माझ्यासारखे हाल करून घेऊ नका.

आईचं एकच, डांबरगोळ्या टाक. टाकल्याही असत्या, पण भाचीचं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं आणि ती येऊन राहणार होती. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी बाळाला थेट घालू नयेत हे लक्षात ठेवा, ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्या वासानेसुद्धा फुटू शकतात, कावीळ होते. शिवाय गोळ्या काम करतात त्या घट्ट बंद पेटीत वाफ कोंडली तर. आपण कपाटात चार गोळ्या टाकून दिवसातून दहा वेळा दार उघडतो, म्हणजे घराला वास आणि कसरीला काही नाही.

मग वाचलं की थंडीने मरते. वजा अठरा डिग्री, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद, आणि घट्ट घडीची जाड वस्तू असेल तर दोन आठवडे, कारण थंडी आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच. इथून पुढे दीड महिना गेला.

आमचा फ्रीज एकदारी. वरचा कप्पा म्हणजे बर्फाचे दोन ट्रे आणि एक मटारची पिशवी. घोंगडी अडीच किलोची, घडी केली तरी उशी एवढी. दार लागेना. शिवाय अडीचशेचा थर्मामीटर आणून आत ठेवला तर वजा नऊ. नॉब शेवटापर्यंत फिरवला तर वजा अकरा आणि खालच्या कप्प्यात कोथिंबीर गोठली.

मग कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडे गेलो. ओळखीचा आहे, मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाचा फॅमिली पॅक त्याच्याकडचा. म्हटलं दोन आठवडे एक पिशवी ठेवायची आहे फ्रीजरमध्ये. काय आहे साहेब? घोंगडी. तो काही बोललाच नाही, नुसता बघत राहिला, शेवटी म्हणाला साहेब, गिऱ्हाइकाने बघितलं तर. त्याचं बरोबरच होतं. पण राग आला तो आलाच.

राहिली ताई. चिंचवडला असते, फराळाच्या ऑर्डरी घेते आणि त्यासाठी तिच्याकडे मोठा डीप फ्रीजर आहे, पेटीसारखा, वरून उघडणारा, काटा वजा वीसवर. मला वाटलं फोन केला की झालं. ती म्हणाली, तुला वार-तिथी काही कळतं का, आज वसुबारसेला आठ दिवस आहेत, फ्रीजरमध्ये ओल्या नारळाच्या करंज्यांचं सारण, खवा, आणि तू अळ्यांची घोंगडी आणतोस? तुळशीचं लग्न होईपर्यंत नाव काढू नकोस.

म्हणजे तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत घोंगडी गॅलरीत दोन काळ्या पिशव्यांत गाठी मारून पडलेली आणि मी रोज ऑफिसातून आल्यावर पिशवीला कान लावायचो. हसू नका. आत अळ्या खातायत आणि आपण शंकरपाळे खातोय हा विचार डोक्यातून जात नव्हता. एका रविवारी राहवलं नाही म्हणून गच्चीवर नेऊन उन्हात टाकली, झटकली, कपड्याच्या ब्रशने घडी-घडी घासली, चुरीबरोबर दहा-बारा पांढरट अळ्या पडल्या, तांदळाएवढ्या, आणि उजेड दिसताच उरलेल्या विणीत शिरायला लागल्या. नुसतं ऊन दाखवून भागत नाही ते यामुळेच, त्या सावलीच्या बाजूला सरकतात. पण ब्रशने अंडी बरीच निघतात, तेव्हा ऊन आणि ब्रश दोन्ही, आणि शिवणीत, कॉलरखाली, खिशाच्या आत आधी.

तुळशीचं लग्न झालं, दुसऱ्याच दिवशी स्कूटरच्या पुढे पिशवी ठेवून चिंचवड. ताईने आणखी एक पिशवी चढवली, मग त्यावर चिकटपट्टी, मग कोपऱ्यात ठेवून मधे पुठ्ठा उभा केला. शुक्रवार होता. मी मोबाइलवर चौदा दिवस लावले.

गुरुवारी लाइट गेली.

चिंचवड-भोसरीकडे राहणाऱ्यांना माहीत आहे, एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे लाइटची सगळी दुरुस्ती गुरुवारी. आणि चौदा दिवस कुठूनही मोजा, त्यात दोन गुरुवार येतातच! सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मी ताईला दर तासाला फोन, काटा किती. चौथ्या फोनला ती म्हणाली तू परत फोन केलास तर तुझी घोंगडी इंद्रायणीत. मी म्हटलं मोजणी परत पहिल्यापासून करावी लागेल. ती म्हणाली माझ्या फ्रीजरचं भाडं काढू का.

संध्याकाळी काटा वजा चौदावर होता. झाकण न उघडता ठेवलेला भरलेला फ्रीजर दिवसभर फारसा गरम होत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण मी हट्टी, चौदा दिवस त्या गुरुवारपासून परत मोजले. ताईने त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. नंतर एके ठिकाणी वाचलं की मधेच गरम करून परत गोठवलं तर उलट अळ्या जास्त मरतात, म्हणजे लाइट जाऊन घोंगडी खोलीइतकी गरम झाली असती तरी परत गोठवून भागलं असतं, एवढी जीवाची घालमेल उगाच केली.

बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. हे महत्त्वाचं. थंड लोकरीवर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं आणि ओली लोकर म्हणजे बुरशीला आमंत्रण. पूर्ण एक दिवस पिशवी तशीच, हाताला खोलीइतकी लागेपर्यंत. मग वर्तमानपत्रावर झटकली, मेलेल्या अळ्या वाळून तशाच पडल्या, आईने चष्मा लावून एकतीस मोजल्या.

एक राहिलंच, हे सगळं आलं कुठून. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे पारव्यांचं घरटं होतं, पिसं आणि घाण, आणि ती खिडकी दिवाणाच्या अगदी डोक्यावर. पक्ष्यांच्या घरट्यांत कसर पोसते आणि तिथून घरात येते. ते काढलं, जाळी लावली, दिवाणाच्या आतल्या फटी व्हॅक्यूमने ओढल्या आणि त्याची पिशवी लगेच खाली कचऱ्यात. हे आधी करायला हवं होतं, नाहीतर गोठवून आणलेली वस्तू परत त्याच दिवाणात ठेवायची म्हणजे पाहुण्यांना ताट वाढल्यासारखं.

वेखंड, लवंगा, कडुनिंबाचा पाला यांबद्दल लोक विचारतात. स्वच्छ कपड्यात ठेवायला ठीक, पाला खडखडीत वाळलेला हवा नाहीतर डाग पडतात. पण एकदा अळी लागल्यावर वेखंडाने ती मरत नाही, मी करून बघितलंय, वेखंडाच्या पुरचुंडीखालीच एक सापडली. आणि स्वेटर थंडी संपल्यावर धुऊनच ठेवा, एकदाच घातला होता असं म्हणू नका, घाम आणि सांडलेला चहा लागलेली लोकर त्यांना स्वच्छ लोकरीपेक्षा आवडते.

भोकं तशीच आहेत. रफूवाला म्हणाला याच जातीची लोकर आणा मग बघू, तेव्हा गावी जाईन तेव्हा. घोंगडी आता धुतलेल्या मलमलीत गुंडाळून लोखंडी ट्रंकेत आहे, दर दोन महिन्यांनी उघडून झटकायची असं ठरलंय. परवा पहिल्यांदा उघडली. कोपऱ्यात रुमालात बांधलेल्या सहा डांबरगोळ्या होत्या. आईला विचारलं तर म्हणाली, बाळ गेलं ना आता त्याच्या घरी.