लातूर हॉल अपडेट: काळी स्क्रीन, भिंतीतली केबल आणि ईएआरसीचा उतारा

जमलं भावांनो! मागच्या अपडेटमध्ये हॉलमधल्या होम थिएटरच्या नव्या नऊ चॅनलच्या रिसीव्हरवर (स्पीकर चालवणारा आणि चित्र टीव्हीकडं पाठवणारा डबा) ४के १२० (सेकंदाला १२० फ्रेमचं ४के चित्र) लावलं की स्क्रीन काळी होतीय एवढंच लिहून थांबलो होतो, कारण मूळ कुठंय तेच कळत नव्हतं. आता कळलं. आणि तुमच्यातले बरेच जण विचारत होते ना, आत्ता रिसीव्हर घ्यावा का थांबावं, घेतला तर दोन वर्षांत जुना होईल का, त्याचं उत्तर पण ह्याच भानगडीतून निघालं.

लक्षण परत सांगतो. भाच्याचा पीएस५ गेम कन्सोल रिसीव्हरला, रिसीव्हर मागच्या भिंतीच्या रॅकमध्ये, तिथून पाईपमधून केबल पुढं टीव्हीपर्यंत, आठेक मीटर. ४के ६० ला काहीच त्रास नाही. १२० ला टाकलं की थोडा वेळ झकास चालतं, मग दोन सेकंद स्क्रीन काळी, आवाज गप, रिसीव्हरचा रिले टक् करून वाजतो आणि चित्र परत येतं. भाचा कंट्रोलर मांडीवर ठेवून "मामा, गेलं बगा परत" म्हणतो आणि माझं डोकं फिरतं.

पहिला संशय रिसीव्हरवरच. का ते जुन्या मंडळींना माहितीय. २०२० मध्ये पहिले '८के' रिसीव्हर आले तेव्हा त्यांच्यातल्या एचडीएमआय (चित्र-आवाज एकाच केबलमधून नेणारं कनेक्शन) चिपला एक्सबॉक्स सिरीज एक्स कन्सोलचं ४के १२० जमलंच नव्हतं, डेनॉन-मरांट्झनी तर बाहेरून लावायचा एक डबा काढून दिला. त्यामुळं नवीन रिसीव्हर म्हणलं की पोटात गोळा येतोच. म्हणून रिसीव्हर रॅकमधून काढला, टीव्हीसमोर फरशीवर ठेवला आणि दोन मीटरची सर्टिफाईड केबल लावली. सगळी संध्याकाळ गेम चालला, एकदा पण काळं नाही. म्हणजे डबा चोख.

मग सेटिंगमध्ये ४के सिग्नल फॉरमॅट. भिंतीतल्या केबलवर 'एन्हान्स्ड' ठेवलं की तासन्‌तास स्थिर, '८के एन्हान्स्ड' केलं की तमाशा चालू. इथंच गाठ सुटली. एन्हान्स्ड म्हणजे जुना टीएमडीएस (सिग्नल पाठवायची पद्धत), १८ जीबीपीएसपर्यंत (सेकंदाला १८ गिगाबिट), एचडीएमआय २.० च्या जमान्यातला, २०१३ चा. त्याच्या वर गेलं की एफआरएल ही नवी पद्धत सुरू होते, पीएस५ त्यात ३२ पर्यंत जातो आणि रिसीव्हरचा पोर्ट ४० चा. आठ मीटर तांब्यातून ते ओढायचं म्हणजे अवघडच, साध्या पॅसिव्ह केबलचं पाचेक मीटरच्या पुढं काय खरं नसतं.

आणि केबलवाल्यांबद्दल बोललंच पाहिजे. मधल्या काळात एका ऑनलाईन विक्रेत्याकडून अजून एक लांब केबल मागवली होती, खोक्यावर मोठ्ठं '८के ४८ जीबीपीएस' छापलेलं, पण अल्ट्रा हाय स्पीडचं (४८ जीबीपीएसच्या प्रमाणित केबलवर असतं ते) होलोग्राम आणि क्यूआरवालं लेबल कुठंच नाही. लावली तर भिंतीतल्या केबलपेक्षा वाईट. माझं स्पष्ट मत, ते लेबल ॲपमध्ये स्कॅन होत नसेल तर तसलीच परत पाठवा, खोक्यावरच्या आकड्याला काडीची किंमत नाही.

तर मग उपाय एकच, ऑप्टिकल एचडीएमआय केबल (चित्र काचेच्या तंतूतून नेणारी). दिशा बघून लावायची, सोर्सचं टोक सोर्सकडं, आणि डोकं काढता येणारी घ्यायची म्हणजे पाईपमधून जाते. वायरमनला स्प्रिंग घेऊन बोलावून ठेवला होता, केबल कार्टमध्ये टाकली होती. पण ऑप्टिकलवर ईएआरसी (टीव्हीतला आवाज त्याच एचडीएमआय केबलवरून मागं रिसीव्हरला आणणारी सोय) धड चालंल का हा किडा डोक्यात होता, कारण ईएआरसी काचेतून जात नाही, तो बाजूच्या बारीक तांब्याच्या तारांवरून जातो, आणि काही केबलवर तो रुसतो अशी तक्रार आपल्यातल्याच लोकांनी केलीय. ते वाचता वाचताच ट्यूब पेटली, की अरे, ईएआरसीला लागतं तरी किती? जास्तीत जास्त ३७ एमबीपीएसच्या आसपास. एमबीपीएस, जीबीपीएस नाही! आणि माझ्या भिंतीतली केबल 'हाय स्पीड विथ इथरनेट' आहे, ईएआरसीला तेवढी पुरते.

मग उलटंच केलं. पीएस५ उचलून टीव्हीखाली ठेवला, छोट्या केबलनं सरळ टीव्हीला जोडला, चित्राचा आणि रिसीव्हरचा संबंधच संपवला. आवाज तेवढा टीव्हीतून त्याच जुन्या केबलवरून ईएआरसीनं मागं येतो. टीव्हीत डिजिटल आउट 'पास थ्रू' केलं, ईएआरसी 'ऑटो', आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर 'मल्टी चॅनल इन' उमटलं तेव्हा मी आणि भाच्यानं टाळीच दिली. पूर्ण अनकॉम्प्रेस्ड आवाज, लिपसिंक आपोआप जुळतंय, १२० ला काळी स्क्रीन नाही, व्हीआरआर (गेमच्या फ्रेमच्या वेगाशी स्क्रीन जुळवणं) थेट टीव्हीकडून. कार्टमधली ऑप्टिकल काढून टाकली आणि वायरमनला नको म्हणून फोन केला.

डिस्क प्लेअर मात्र रिसीव्हरलाच ठेवलाय. काही टीव्ही डीटीएस हा डिस्कवरचा आवाजाचा फॉरमॅट पुढं पाठवतच नाहीत, आणि ४के डिस्कला १८ जीबीपीएस भरपूर झालं, म्हणजे तीच भिंतीतली केबल जाताना चित्र नेते आणि येताना आवाज आणते. एक अडचण आहे, बऱ्याच टीव्हीत ४के १२० चे पोर्ट दोनच असतात आणि त्यातलाच एक ईएआरसीचा, त्यामुळं दोन कन्सोल असतील त्यांनी टीव्ही घेतानाच पोर्ट मोजून घ्या.

आता मूळ प्रश्न. रिसीव्हर जुना होतो म्हणजे त्याचा एचडीएमआय बोर्ड जुना होतो. १.४ आला २००९ ला, २.० २०१३ ला, २.१ २०१७ ला, आणि २.२ जून २०२५ मध्ये जाहीर झाला तो ९६ जीबीपीएसचा. ह्या शर्यतीमागं पळायला गेलात तर जन्मात रिसीव्हर घेणार नाही. पण आवाजाकडं बघा, घरगुती ॲटमॉस (डोक्यावरून पण आवाज देणारा फॉरमॅट) २०१४ ला आला, डीटीएस-एक्स २०१५ ला, अजून तेच चालू आहेत, आणि अँप तर अँपच असतो, आठ ओहमचा स्पीकर व्हर्जन विचारत नाही. म्हणून आत्ता घ्या, बिनधास्त घ्या, फक्त पैसे ८के च्या स्टिकरला देऊ नका. ईएआरसी, सगळ्या चॅनलचे प्रीआउट (बाहेरच्या अँपला सिग्नल द्यायच्या जागा) आणि चांगलं रूम करेक्शन (माइकनं मोजून खोलीप्रमाणं आवाज जुळवणं) ह्या तीन गोष्टींना द्या. डेनॉन एक्स३८००एच सारख्यात ऑडिसी एक्सटी३२ हे रूम करेक्शन आहेच, वर पैसे भरून डिरॅक हे दुसरं टाकता येतं, खरेदीनंतर मशीन सुधारतं ते असं.

आणि आपल्या मराठवाड्यात रिसीव्हर जुना होण्याआधी जळायची भीती जास्त. वळवाच्या पावसात वीज कडाडली की डिशच्या किंवा केबल टीव्हीच्या वायरवरून झटका आत येतो आणि एचडीएमआय बोर्ड जातो, त्याला प्लगवरचा स्पाईक गार्ड काय करणार. आभाळ भरून आलं की प्लगबरोबर ती वायर पण काढायची. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहायचं, काळी माती भेगाळली की अर्थिंग नुसतं नावाला उरतं. आणि रिसीव्हरच्या वर वीतभर मोकळी जागा सोडायची, मे महिन्यात ४२ डिग्रीत बंद कपाटात त्याची भट्टी होते.

पुढचा प्लॅन पुढच्या दोन हाइट स्पीकरचा (वर उंचावर लावायचे) होता, पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलंय. माळ्यावरचा माझा जुना रिसीव्हर एचडीएमआय १.३ चा, चित्रासाठी बाद, पण त्याच्या मागं ७.१ चे ॲनालॉग 'एक्स्ट इन' (बाहेरचा सिग्नल आत घ्यायच्या जागा) आहेत. नव्याच्या फ्रंट प्रीआउटमधून त्यात दिलं तर पुढचे दोन्ही टॉवर जुन्या अँपवर जातील, नव्यावरचा भार हलका होईल आणि तो हाइटला मोकळा राहील. म्हणजे हाइट नंतर, आधी हे. एक्स्ट इनमध्ये जुन्याचा व्हॉल्यूम चालूच राहतो, तो एका जागी पक्का करूनच ऑडिसी चालवावं लागणार. हे कोणी केलं असेल तर सांगा, व्हॉल्यूम कितीवर ठेवलात आणि हिस (बारीक सूं आवाज) येतो का? माळ्यावरून मशीन उतरवलंय, ब्लोअर मारून ठेवलंय.