फुगलेली शीर थंड आणि कोरी मांडी गरम: थर्मल कॅमेऱ्यातून व्हेरिकोज व्हेन्स पाहताना

व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे त्वचेजवळच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या झालेला पाय थर्मल कॅमेऱ्यातून पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास गोंधळतो. पोटरीवर दोरीसारखी फुगलेली शीर पडद्यावर कधी कधी थंडच दिसते, आणि मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे त्वचेवर काहीच दिसत नाही, तिथे उबदार पट्टा उमटतो. यात कॅमेरा चुकलेला नसतो. त्याला फुगवटा कळत नाही, फक्त त्वचेपर्यंत पोचलेली ऊब कळते.

स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधलं रक्त त्वचेपेक्षा चांगलंच गरम असतं. रक्त उलटं जाऊ न देणारी शिरेतली झडप निकामी झाली की हे रक्त जांघेपाशी, गुडघ्यामागच्या लवणीत किंवा मधल्या एखाद्या परफोरेटर शिरेतून (खोल आणि वरवरच्या शिरांना जोडणारी शीर) त्वचेजवळच्या शिरांमध्ये उलटं उतरतं आणि वाटेतली त्वचा तापवतं. तेच रक्त खाली साचून राहिलं की हळूहळू त्वचेच्या तापमानाला येतं. म्हणून गरम रेषा दिसली तर तिथे आतून ताजं रक्त येत असण्याची शक्यता धरायची. मात्र शिरेची जाडी या चित्रावरून कधीही मोजू नये. ऊब ऊतींमधून पसरत वर येते, त्यामुळे पाच मिलिमीटरची शीरही पसरट, धूसर पट्टा होऊन दिसते. चरबीचा थर जाड असेल तर काहीच दिसत नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. त्वचेसाठी इन्फ्रारेड किरणांच्या ८ ते १४ मायक्रोमीटर पट्ट्यात चालणारा कॅमेरा लागतो. एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता उत्सर्जित करतो याची सेटिंग, ०.९८ ठेवायची. ३२० × २४० पिक्सेल आणि तापमानातला ०.०५ अंश किंवा त्याहून बारीक फरक ओळखण्याची क्षमता असेल तर काम नीट होतं. २५ अंशांचा कोन पाहणाऱ्या लेन्सने एक मीटरवरून सुमारे ४४ सेंटिमीटर रुंदी दिसते, म्हणजे एका पिक्सेलला साधारण १.४ मिलिमीटर. भरवशाच्या मोजणीला मोजायच्या जागेवर किमान तीन बाय तीन पिक्सेल हवेत. मोबाइलला लावायचं १६० × १२० चं, रुंद लेन्सचं यंत्र त्याच अंतरावर एका पिक्सेलमध्ये सहा-सात मिलिमीटर गिळतं. ते जवळ नेऊन एकेक भाग पाहायला ठीक, पण पूर्ण पायाच्या नोंदीला अपुरं.

अशा कॅमेऱ्यांची अचूकता बहुधा दोन अंश इकडे-तिकडे असते. म्हणून 'पोटरी ३२.४ अंश' असं सुटं लिहिण्यात अर्थ नाही, डाव्या-उजव्यातला फरक लिहावा. वेगवेगळ्या दिवसांच्या चित्रांची तुलना करायची असेल तर चौकटीत संदर्भ ठेवावा: साधं पत्र्याचं भांडं, त्यात पाणी, बाहेरून काळी इन्सुलेशन टेप आणि पाण्यात थर्मामीटर. कॅमेऱ्यात दिसणारा टेपचा आकडा आणि थर्मामीटरचा आकडा यांतला फरक दर वेळी लिहून ठेवायचा. चकचकीत पत्र्यावर थेट मोजू नये, तो समोरच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करतो.

आता तयारी. चुकीची चित्रं सर्वांत जास्त इथेच जन्माला येतात. खोली २० ते २४ अंशांवर स्थिर हवी, पंखा आणि एसीचा झोत पायांवर नको, ऊन किंवा तापणारा दिवा नको. पाय उघडे ठेवून १५ ते २० मिनिटं थांबायचं. मोजे, विशेषतः पाय आवळून धरणारे कॉम्प्रेशन स्टॉकिंग, त्याआधीच काढायचे, कारण त्यांच्या काठाचा वळ चित्रात स्पष्ट उमटतो. त्या दिवशी मलम, तेल, दाढीचं ब्लेड काहीही पायाला लागलेलं नको. आधीचे दोन तास व्यायाम, गरम पाण्याची आंघोळ, चहा-कॉफी आणि धूम्रपान टाळायचं. थांबताना पायावर पाय टाकून बसलं, मांडीवर हात टेकवला, तरी त्या जागेचा गरम ठसा काही मिनिटं टिकतो आणि नवशिक्याला तो आजार वाटतो.

चित्रं उभ्याने घ्यायची, पाय इतके फाकलेले की मांड्या एकमेकींना तापवणार नाहीत. पुढून, मागून आणि दोन्ही पायांची आतली-बाहेरची बाजू. कॅमेरा त्वचेला काटकोनात हवा. पाय गोल असल्याने कडेचा भाग तिरका पडतो आणि आहे त्यापेक्षा थंड दिसतो. म्हणून पुढून घेतलेल्या चित्रावरून मांडीच्या आतल्या बाजूबद्दल बोलू नये. रंगांची पट्टी स्वयंचलित ठेवलीत तर प्रत्येक चित्रात लाल रंगाचा अर्थ बदलतो. ती २४ ते ३६ अंशांवर बांधून टाका. तयारी नीट असेल तर निरोगी पायांत समोरासमोरच्या जागांचा फरक बहुधा अर्ध्या अंशाच्या आत राहतो. एक अंशाहून मोठा आणि शिरेच्या वाटेने जाणारा फरक दखल घेण्याजोगा. दोन्ही पाय आजारी असतील तर मात्र ही तुलनाच कोसळते.

स्थिर चित्रापेक्षा मला थंड करून घेतलेली चाचणी जास्त मोलाची वाटते. झोपवून पाय सुमारे ४५ अंश उचलायचा, शिरा रिकाम्या होऊ द्यायच्या, ओल्या गार कापडाने एक-दोन मिनिटं त्वचा थंड करायची आणि पूर्ण कोरडी करायची. पाण्याचा पातळ थरही इन्फ्रारेड अडवतो, आणि मग कॅमेरा त्वचेचं नाही, पाण्याचं तापमान दाखवतो. मग माणसाला उभं करून तीन ते पाच मिनिटं व्हिडिओ. गळक्या परफोरेटरच्या जागा आजूबाजूच्या आधी ठिपक्यांसारख्या उजळतात आणि तिथून ऊब पसरते. पायाला रक्तपुरवठा करणाऱ्या धमन्यांचा आजार, जखम किंवा बधिरपणा असेल तर ही चाचणी करू नये.

ठिपका सापडला की त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा बारीक तुकडा चिकटवायचा. फॉइल खोलीची उष्णता परावर्तित करत असल्याने पडद्यावर गार ठिपका दिसतो आणि जागा बरोबर आहे का ते तपासता येतं. मग फॉइल काढून स्किन मार्करने खूण. ही खूण डॉप्लर सोनोग्राफी (ध्वनिलहरींनी शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) करणाऱ्याला यंत्राचा प्रोब कुठे ठेवायचा ते सांगते, आणि या तंत्राचा खरा उपयोग माझ्या मते एवढाच आहे. रक्त कोणत्या दिशेने वाहतंय हे थर्मल चित्राला कळत नाही, गुठळीही दिसत नाही. उलटा प्रवाह वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकतो का, हे डॉप्लरच मोजतो. शस्त्रक्रिया, लेझर किंवा इंजेक्शनचा निर्णय केवळ रंगीत चित्रावर कोणी घेत असेल तर तिथे थांबून डॉप्लर मागावा.

गरम दिसणाऱ्या इतर गोष्टीही बऱ्याच: सांधेदुखीचा गुडघा, ताणलेला स्नायू, त्वचेचा जंतुसंसर्ग, वरवरच्या शिरेचा दाह. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, सगळी पोटरी गरम लागली तर खोल शिरेतल्या गुठळीची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉप्लर करायचा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट आपत्कालीन विभाग. कॅमेरा बाहेर काढण्यातही वेळ घालवू नये.

उपचारानंतर तुलना करायची तर घाई नको. लेझर किंवा स्क्लेरोथेरपीनंतर (शीर बंद करणारं इंजेक्शन) बंद झालेल्या शिरेभोवती दाह असतो, आणि तो भाग काही आठवडे आधीपेक्षाही गरम दिसू शकतो. ते अपयश समजून रुग्णाला घाबरवू नये. तो दाह ओसरल्यावर, त्याच खोलीत, त्याच अंतरावरून, त्याच रंगपट्टीवर पुन्हा चित्र घ्यावं, आणि तरीही रेषा गरम असेल तर पुन्हा डॉप्लर.