तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पलीकडे नेलं’ एवढं कारण पुरत नाही का?

आठवी-नववीतल्या मुलांचे पालक हमखास विचारतात, “उत्तर बरोबर आलंय ना? मग समीकरण सोडवताना प्रत्येक पायरीसमोर ‘वितरण’, ‘साहचर्य’ असली गुणधर्मांची नावं कशाला लिहायची? आम्ही तर संख्या चिन्ह बदलून बरोबरच्या चिन्हापलीकडे न्यायचो आणि गणितं सुटायची.”

सुटायची, खरंय. पलीकडे नेणं चुकीचं नाहीच, ती एका लांब वाक्याची लघुलिपी आहे. मूळ वाक्य विसरून नुसती लघुलिपी उरली की मग ती भलत्या ठिकाणी वापरली जाते.

रिक्षाचंच घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात लागू झालेला दर असा होता: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७. भाडं ७६ झालं तर अंतर किती? ते क्ष किलोमीटर मानू. (मीटर टप्प्याटप्प्यानं उड्या मारतं, सिग्नलला थांबल्याचे पैसे वेगळे, ते इथं सोडून देऊ.)

२५ + १७(क्ष − १.५) = ७६

पहिला घोळ इथंच होतो. २५ आणि १७ शेजारीशेजारी दिसले की मुलं त्यांचे ४२ करतात आणि ४२(क्ष − १.५) लिहून मोकळी होतात. म्हणजे सुरुवातीचे पंचवीस रुपये एकदाच न लागता पुढच्या प्रत्येक किलोमीटरला लागले! रिक्षावाल्यानं असा हिशेब केला तर आपण भर चौकात भांडू, वहीत मात्र तो नजरेतून सुटतो. १७ हा कंसाचा गुणक आहे, २५ नाही. ‘कोणत्या गुणधर्मानं बेरीज केलीस?’ असं विचारलं तर उत्तर सापडत नाही, कारण तसा गुणधर्मच नाही.

आता २५ ‘पलीकडे’ नेऊ. खरं तर दोन्ही बाजूंत −२५ मिळवतो आहोत. डाव्या बाजूला काय घडतं ते एकदा सावकाश बघा: (−२५) + [२५ + १७(क्ष − १.५)]. साहचर्यानं कंस सरकतो आणि [(−२५) + २५] + १७(क्ष − १.५) होतं. विरुद्ध संख्यांची बेरीज शून्य. शून्य हा बेरजेतला अविकारक, तो मिळवून काही बदलत नाही. उरलं १७(क्ष − १.५) = ५१. ‘नेलं’ या एका शब्दात एवढं सगळं दडलेलं असतं. पुढं दोन्ही बाजूंना १७ नं भागून क्ष − १.५ = ३, मग दोन्ही बाजूंत १.५ मिळवून क्ष = ४.५. साडेचार किलोमीटर.

कारणं दोनच जातींची असतात, हे एकदा कळलं की नावांची भीती जाते. एका जातीत आपण एकाच बाजूला बसून तीच राशी वेगळ्या रूपात लिहितो: क्रमनिरपेक्षता (क्रम बदलला तरी बेरीज किंवा गुणाकार तोच), साहचर्य (कंस सरकवला तरी तोच), वितरण (कंसाबाहेरच्या संख्येनं आतल्या प्रत्येक पदाला गुणणं) ही सगळी इथली मंडळी. दुसऱ्या जातीत दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी वागणूक देतो. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच समीकरणाच्या दोन बाजूंना ‘पक्ष’ म्हटलं आणि दोन्ही पक्ष तुल्य ठेवून मिळवणं, वजा करणं, गुणणं, भागणं सांगितलं. पक्ष बदलला की चिन्ह बदलतं, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. पण बीजगणितात हा नियम फक्त मिळवलेल्या किंवा वजा केलेल्या पदाला लागू आहे.

३क्ष = १२ यात ३ गुणलेला आहे. तरी ‘पलीकडे गेला, चिन्ह बदललं’ म्हणत मुलं १२ ला −३ नं भागतात आणि क्ष = −४ आणतात. काही जण सरळ १२ − ३ करून ९ आणतात. समोर ‘दोन्ही बाजूंना ३ नं भागून’ असं लिहायची सवय असेल तर उणे चिन्ह घुसायला जागाच राहत नाही.

वितरणाच्या चुकांचं तर मोठं दुकान आहे. ५ − २(क्ष − ३) = १ हे उदाहरण द्या, वर्गातल्या बऱ्याच वह्यांत ५ − २क्ष − ६ सापडेल. वजाबाकी ही विरुद्ध संख्येची बेरीज आहे हे आधी लिहून काढा: ५ + (−२)[क्ष + (−३)]. आता −२ नं दोन्ही पदांना गुणलं की −२क्ष आणि +६ मिळतात; ११ − २क्ष = १, क्ष = ५. चुकीच्या वाटेनं −१ येतं, आणि ते मूळ समीकरणात टाकलं तर डावी बाजू १३ होते. अपूर्णांकातही तेच दुखणं. क्ष/२ + ३ = क्ष/३ + ५ ला ६ नं गुणताना ३ आणि ५ विसरले जातात, कारण त्यांना छेद नाही! पण आपण छेदांना गुणत नाही, अख्ख्या बाजूला गुणतो: ३क्ष + १८ = २क्ष + ३०, म्हणून क्ष = १२.

इथवरच्या चुका ताळा केला की पकडल्या जातात. कारणं खरी कामाला येतात ती पुढच्या प्रकारात, जिथं ताळासुद्धा गप्प बसतो. क्ष² = ५क्ष. दोन्ही बाजूंना क्ष नं भागलं, क्ष = ५ आलं, ताळा जुळला, सगळे खूश. पण क्ष = ० हीसुद्धा उकल होती आणि ती आपण हातानं पुसली. ‘दोन्ही बाजूंना क्ष नं भागून’ हे कारण पूर्ण लिहायला गेलात तर त्यापुढं ‘क्ष शून्य नसताना’ हे शब्द यावेच लागतात, आणि तिथंच पेन अडखळतं. बरोबर वाट: क्ष² − ५क्ष = ०, वितरणानं क्ष(क्ष − ५) = ०, गुणाकार शून्य म्हणजे निदान एक अवयव शून्य. म्हणून ० किंवा ५.

याच्या उलटही होतं. √(क्ष + ६) = क्ष याचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, उकली ३ आणि −२. पण −२ ठेवलं तर डावीकडे √४ म्हणजे २, उजवीकडे −२. ही उकल घुसखोर. समान संख्यांचे वर्ग समान असतात, पण वर्ग समान म्हणून संख्या समान असतातच असं नाही. पायरी एकाच दिशेची आहे. २५ मिळवणं-वजा करणं किंवा १७ नं गुणणं-भागणं या परतीच्या वाटा असलेल्या पायऱ्या. वर्ग करणं तसं नाही.

तरी दहावीच्या मुलानं प्रत्येक बेरजेपुढं चार-चार नावं लिहावीत असं मी म्हणणार नाही, तो नुसता कारकुनी छळ आहे. आठवीत दहा-बारा उदाहरणं पूर्ण कारणांसह करावीत. नंतर फक्त कंस उघडताना, चल (क्षसारखं अक्षर) असलेल्या राशीनं भागताना किंवा गुणताना, आणि वर्ग करताना कारण लिहावं. वहीत उजवीकडे चार बोटं जागा सोडून उभी रेघ मारायची, एका ओळीत एकच पायरी, आणि ‘३क्ष + ४ = १९ = ३क्ष = १५’ असली बरोबरच्या चिन्हांची आगगाडी करायची नाही. ती वाचली तर १९ आणि १५ समान ठरतात.

शेवटी ताळा, तोही मूळ समीकरणात, मधल्या पायरीत नाही: २५ + १७ × ३ = ७६.